फॅन बेल्ट सारखा तुटतोय? नवा घेण्याआधी जुना नीट बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत बेल्ट आणि पुलीबद्दल बोललो. त्यात जुन्या बसचं उदाहरण दोन मिनिटांत आटपावं लागलं, म्हणून ते इथे सविस्तर लिहितोय. गाडी तिकडची आहे, पण तुमच्याकडे गिरणी असो, कॉम्प्रेसर असो की रसवंतीचं मशिन, यातलं बरंचसं तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल.

आपल्या बॅचचा एक मुलगा सध्या जर्मनीत आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच्या बाजारात वडापाव आणि चहा विकतो. गाडी कुठली, तर १९६९ सालची फोक्सवॅगन टाइप २ बस. गोल तोंडाची, फिल्मी पोस्टरवर दिसते ती. लोक फोटो काढायला थांबतात आणि वडापाव खाऊन जातात, जाहिरातीचा खर्च शून्य. पण हिवाळा संपून सीझन सुरू झाल्यापासून दीड महिन्यात तीन फॅन बेल्ट गेले. तिसरा तुटला तो बाजाराच्या वाटेवर, भाजी तयार, पाव गाडीत. तो दिवस पूर्ण बुडाला. रात्री त्याने मला विचारलं, "सर, चौथा बेल्ट जरा महागातला घेऊ का?" मी म्हटलं, आधी तुटलेला कॅमेऱ्यासमोर धर.

आता या बसमध्ये बेल्टचं एवढं कौतुक का, ते समजून घ्या. हिचं इंजिन मागे असतं आणि त्यात पाणी नसतं, रेडिएटरही नसतो. इंजिन थंड होतं ते फक्त हवेवर. खाली क्रँकची पुली, वर डायनामोची पुली, दोघींमध्ये एकच बेल्ट. डायनामोच्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला हवा मारणारा पंखा बसवलेला असतो. म्हणजे बेल्ट तुटला की चार्जिंग बंद आणि पंखाही बंद. डॅशबोर्डवर डायनामोचा लाल दिवा लागतो. बाकीच्या काही गाड्यांत तो दिवा लागला तरी बॅटरीवर कसंबसं घर गाठता येतं. इथे तसं करायचं नाही. लाल दिवा दिसला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद. "दोनच किलोमीटर राहिलेत" म्हणून रेटलं तर बेल्टच्या पैशात सुटणारं काम इंजिन उघडण्यावर जातं.

एक अपवाद मात्र आहे. १९७२ पासून यातल्या काही बसना मोठं, १७०० सीसीचं इंजिन आलं. त्यात पंखा थेट क्रँकशाफ्टवर असतो आणि बेल्ट फक्त चार्जिंगचं काम बघतो. जुनी बस धंद्यासाठी घेणार असाल तर रंग आणि सीट बघण्याआधी मागचं झाकण उघडून यातलं कुठलं इंजिन आहे ते बघा.

परत आपल्या बेल्टकडे येऊ. व्ही बेल्ट पुलीला बाजूंनी पकडतो, तळाने नाही, हे एक वाक्य डोक्यात बसलं की निम्मं निदान झालं. पुलीच्या खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल तर बेल्ट खाली टेकतोय. एकतर बेल्ट अरुंद आहे, नाहीतर पुलीच्या भिंती झिजल्यात. तिथे कितीही ताण दिला तरी बेल्ट घसरणारच. बेल्टच्या दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर तो सैल चालला, घसरला आणि भाजला. आजूबाजूला काळी भुकटी पडली असेल तर पुलीवर गंज किंवा खरखर आहे, पुली पॉलिशपेपरसारखं काम करतेय. आणि एकाच कडेचे दोरे निघाले असतील तर पुलीचा एक भाग खराब आहे किंवा पुली डुलतेय.

या मुलाच्या बेल्टची एकच कड उसवली होती, आणि झाकणाच्या आत काळी भुकटी होती. म्हणजे दुखणं पुलीत होतं. बेल्ट साधा होता, पण खोटा नव्हता. महागातला घातला असता तर तोही त्याच कडेने उसवला असता.

डायनामोची ही पुली दोन भागांची असते, दोन ताटल्या पाठीला पाठ लावल्यासारखी. मधे पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. ताण कमी-जास्त करायचा तो याच चकत्यांनी. मधली चकती काढली की दोन्ही भाग जवळ येतात, खाच अरुंद होते, बेल्ट वर चढतो आणि ताणतो. चकती वाढवली की सैल. काढलेली चकती खिशात टाकायची नाही, बाहेरच्या बाजूला नटाखाली लावून ठेवायची. पुढे कधी लागली तर शोधाशोध नको.

खोलताना इंजिन बंद, किल्ली काढलेली, आणि इंजिन थंड झालेलं. पुलीच्या आतल्या भागाला एक खाच असते. तिच्यात जाड स्क्रू ड्रायव्हर घालून तो डायनामोच्या वरच्या स्क्रूला अडवायचा, म्हणजे पुली फिरत नाही, आणि मग २१ मिमीच्या पान्याने नट सोडवायचा. बरेच जण हे न करता स्क्रू ड्रायव्हरने बेल्ट कडेवरून उचकटून चढवतात. या बसवर आधी कोणीतरी तेच केलं होतं. बाहेरच्या भागाची कड दबून तिला बारीक धार आली होती. शिवाय बस सगळा हिवाळा उभी, त्यामुळे आत गंज. त्याने बाहेरचा भाग नवा आणला, आतला भाग बारीक पॉलिशपेपरने साफ करून कोरड्या फडक्याने पुसला. तेल किंवा ग्रीस अजिबात लावायचं नाही.

नट कसताना पुली हाताने थोडी थोडी फिरवत राहायची, नाहीतर बेल्ट दोन भागांमध्ये चिमटतो. शेवटी दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघायचं, साधारण १५ मिमी आत गेला पाहिजे. "टाइट म्हणजे चांगला" हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. जास्त ताणला की डायनामोचं बेअरिंग मरतं, आणि त्याच शाफ्टवर पंखा आहे हे विसरू नका. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणतो, म्हणून शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा अंगठा लावायचा. मधल्या सगळ्या चकत्या काढूनही सैलच राहत असेल तर बेल्टची लांबी चुकली आहे किंवा पुली झिजली आहे.

तरीही तुटला तर पुली धरून हलवून बघा. खडखडली तर बेअरिंग, नट किंवा शाफ्टवरची चावी बघावी लागेल. मग इंजिन सुरू करून लांबून, बाह्या वर करून, खालची पुली डुलतेय का बघा. डुलत असेल तर तिचा बोल्ट सैल आहे किंवा पुली वाकली आहे. बेल्ट किंचाळतो म्हणून त्याला साबण नाहीतर राळ फासण्याचा उपाय गिरणीतून सगळीकडे पसरलाय. आवाज दोन दिवस थांबतो, कारण तिथेच राहतं.

ज्यांना स्पेअर पार्टचं दुकान किंवा छोटं गॅरेज टाकायचंय, त्यांनी इथे लक्ष द्या. काउंटरवर गिऱ्हाईक "बेल्ट द्या" म्हणतं तेव्हा मी "जुना आणलाय का?" विचारतो. मापासाठी तर हवाच, पण कडा बघायला जास्त. दुसऱ्यांदा तोच बेल्ट मागायला आलेल्या माणसाला मी पुली बघितल्याशिवाय तिसरा देत नाही. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडतं हे खरं. पण तीन बेल्ट विकून चौथ्या वेळी गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, तर त्या तीन बेल्टमधून कमावलं काय? तपासणीचे पैसे वेगळे सांगून घ्या, लाजू नका. बिलावर "पुली तपासणी" अशी ओळ लिहिली की गिऱ्हाईकही कुरकुर करत नाही.

त्या मुलाच्या बसमध्ये आता ड्रायव्हर सीटमागे एक डबा असतो: योग्य मापाचा एक बेल्ट, २१ चा पाना, जाड स्क्रू ड्रायव्हर, चार चकत्या आणि हातमोजे. बेल्ट बदलायची प्रॅक्टिस त्याने घरासमोर दोनदा केली, दुसऱ्या वेळी वीस मिनिटांत झालं. तुमच्या मशिनचा बेल्ट तुटत असेल तर मला नुसतं "बेल्ट तुटतो" असं कळवू नका. तुटलेल्या बेल्टच्या दोन्ही कडा आणि पुलीची खाच, असे तीन फोटो उजेडात काढून पाठवा.