आदान-निक्षेप आणि फोर्कलिफ्ट

वस्तू उचलताना व ठेवताना जीवमात्रास इजा होऊ नये, ही दक्षता म्हणजे आदान-निक्षेपण समिती. मुनिजनांच्या पाच समित्यांपैकी ती एक असली, तरी उचलणे आणि ठेवणे यांवरच ज्याचा व्यवहार चालतो, त्या व्यापाऱ्यास ती परकी कशी असेल? इतवाऱ्यातील ज्या सभासद बंधूंच्या जिन-प्रेसमध्ये वा वखारीत फोर्कलिफ्ट आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्यापुढे म्हणूनच आम्ही एक प्रश्न ठेवितो: तिची किल्ली कोणाच्या हाती द्यावी?

कापसाची एक गाठ सुमारे 170 किलोची. हा भार हमालाच्या पाठीवरून उतरला, हे इष्टच झाले. परंतु मोटार चालविणाऱ्यास हे यंत्र आपोआप चालविता येते, ही समजूत घातक होय. ते मागील चाकांनी वळते. काटे उंचावले की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर यंत्र उलटण्याचे भय वाढते. भाराने समोरची दृष्टी अडली तर ते मागे चालवावे लागते; भरलेले यंत्र उतारावरही तसेच उतरवावे लागते.

1988 चा मोटार वाहन कायदा केवळ कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरावयाच्या खास वाहनास मोटार वाहन मानीत नाही. सार्वजनिक रस्त्यावर आणावयाचे असल्यास मात्र नोंदणी व चालकाचा परवाना हवा. आवारात परिवहन खात्याची परीक्षा नाही, म्हणून परीक्षाच नाही असे नव्हे. ती मालकाने घ्यावयाची आहे. कामगारांस शिक्षण व देखरेख पुरविण्याचे कर्तव्य कारखाना कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने मालकावर आले, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे.

अमेरिकेत 1998 च्या नियमाने पाठ, प्रत्यक्ष सराव व कामाच्या जागी परीक्षा ही तिन्ही आवश्यक ठरविली. दर 3 वर्षांनी चालकाची पुन्हा पारख होते. आपणही तेवढे करावे. शिकलेल्या चालकास लेखी अधिकार द्यावा, किल्ली कुलपात ठेवावी आणि तो रजेवर असता, माल कितीही तातडीचा असो, यंत्र उभे ठेवावे. एका दिवसाचा खोळंबा खतावणीत भरून काढता येतो. गेलेला जीव कोणत्याही खात्यात परत जमा होत नाही.