आधी निवद, मग घास

सणाच्या दिवशी कागलच्या घरात पुरणपोळी तव्यावरून उतरली, तरी पहिली पोळी पोरांना मिळत नाही. एका ताटलीत पोळी, भात, कटाची आमटी, भाजी असं थोडंथोडं काढून वर तुपाची धार सोडायची, भोवती पाणी फिरवायचं आणि ताटली देवापुढं ठेवायची. मग गाईचा घास. चुलीभोवती घुटमळणाऱ्या पोरांना तोवर एकच उत्तर मिळतं : ‘निवद दाखवू दे आधी.’ मंत्रबिंत्र नाहीच. फार तर हात जोडून, ‘गोड करून घे बाबा.’

इथली जेवणाआधीची प्रार्थना अशी बहुतेक हातानंच होते. जुन्या वळणाच्या ब्राह्मण घरांत ताटाच्या उजव्या बाजूला भाताची शितं ठेवतात, ती चित्राहुती. मग आपोशन, म्हणजे तळहातावरचं घोटभर पाणी, आणि पाच प्राणांच्या नावानं पाच छोटे घास. रानात भाकरी सोडणारा गडी एवढं काही करत नाही. तो पहिला तुकडा मोडून बाजूला टाकतो आणि जेवायला लागतो. मुसलमान घरांत पहिल्या घासाला ‘बिस्मिल्ला’ आणि जेवण झाल्यावर ‘अल्हम्दुलिल्ला’. गावाचं दैवत मात्र सगळ्यांचं एकच, गहिनीनाथ गैबी पीर. नाथ आणि पीर एकाच नावात नांदतात, तिथं निवद कुणाच्या घरचा, हे विचारण्यात अर्थ नाही.

मोठ्यानं म्हणायचा श्लोक अनेक घरांत पोरांनी शाळेतून आणला. ‘वदनी कवळ’ समर्थ रामदासांच्या नावावर चालतो. त्याला जोडून म्हणतात तो पुढचा श्लोक मनाच्या श्लोकांतला. पहिल्याचं वृत्त मालिनी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सलग सहा लघू अक्षरं असल्यानं तो सुटतोच धावत, आणि त्यात पोरं भुकेली! दुसरा भुजंगप्रयातात असल्यानं चाल बदलते, पण तोवर अर्ध्या वर्गाचे डोळे ताटाकडं लागलेले असतात. शाळेत दुपारचं जेवण देण्याची राष्ट्रीय योजना १९९५मध्ये सुरू झाली. पुढं शाळेतच खिचडी शिजू लागली आणि या श्लोकाला रोजची पंगत मिळाली.

घरी परीक्षा अवघड. बाप कामावरून उशिरा येतो, आई शेवटी बसते, टीव्ही चालूच असतो. श्लोक कुणी कुणासाठी थांबून म्हणायचा? लग्नांत बुफे आला, तिथं तर पहिला घास कोण कधी घेतो याचा पत्ताच नसतो.

हरिनाम सप्ताहाच्या महाप्रसादाला मात्र अजून पंगत बसते. पानावर मीठ पडतं, भात येतो, आमटी येते. शेवटच्या पानापर्यंत वाढप होईस्तोवर कुणी हात लावत नाही. मग एक जण ‘पुंडलिक वरदा’ म्हणून आरोळी देतो, सगळी पंगत ‘हरि विठ्ठल’ म्हणते. हात भातात जातात न जातात तोच वाढपी दुसऱ्या फेरीची आमटी घेऊन निघालेला असतो.