नाका कोणाच्या हाती? : हैदराबाद संस्थान आणि पॅरिस करार

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाल्यावर सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडताच तामलवाडी लागते. ही हद्द आज दोन जिल्ह्यांची असली, तरी १९४८ पर्यंत ती दोन राज्यसत्तांची होती. सोलापूर मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर तालुका निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बाजारपेठ एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात, अशी या पट्ट्याची स्थिती असल्याने सरहद्दीवरून जाणाऱ्या मालावर संस्थानाची करोडगिरी, म्हणजे सीमाशुल्क, भरावी लागे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातील आर्थिक करार समजून घेताना मराठवाड्याच्या वाचकाला हा जुना अनुभव उपयोगी पडावा.

निझाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहाने आयात मालावरील शुल्काला पाच टक्क्यांची मर्यादा घातली. संस्थान चहूबाजूंनी भूवेष्टित होते आणि त्याला स्वतःचे बंदर नव्हते, त्यामुळे बाहेरचा माल ब्रिटिश मुलखातूनच येई. तरीही दोन गोष्टी निझामाकडे राहिल्या : वसुली करणारे नाके आणि टांकसाळ. संस्थानाचा हाली रुपया आणि ब्रिटिश कलदार रुपया यांच्यातील विनिमयाचा दर १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारांना सात हाली, असा होता.

पॅलेस्टिनींच्या वाट्याला याच दोन गोष्टी आल्या नाहीत. इस्रायलचे अर्थमंत्री अव्राहम शोहात आणि पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे अहमद कुरेई यांनी २९ एप्रिल १९९४ रोजी पॅरिसमध्ये सही केलेला आर्थिक संबंधांचा करार पुढे ऑस्लो शांतता प्रक्रियेतील करारांना परिशिष्ट म्हणून जोडला गेला. त्याने दोन्ही प्रदेशांचे एक प्रकारचा सीमाशुल्क संघ केला, म्हणजे आपापसात शुल्क नाही आणि बाहेरच्या मालावर मात्र एकच दर. पण हा दर मुख्यतः इस्रायलचाच राहिला. जॉर्डन, इजिप्त आदी देशांतून येणाऱ्या काही मालाच्या याद्या ठरवून तेवढ्यापुरती पॅलेस्टिनींना मोकळीक मिळाली. स्वतंत्र चलन नाही, म्हणून व्यवहार इस्रायली शेकेलमध्ये आणि जॉर्डनच्या दिनारमध्ये चालतात. मूल्यवर्धित करही इस्रायलच्या दरापेक्षा फार तर दोन टक्क्यांनी कमी ठेवता येतो.

कराराचा खरा गाभा वसुलीच्या व्यवस्थेत आहे. बंदरे आणि सीमा इस्रायलच्या ताब्यात असल्याने पॅलेस्टिनी मालावरील शुल्क इस्रायल गोळा करतो, त्यातून तीन टक्के हाताळणी खर्च कापतो आणि उरलेली रक्कम दरमहा हिशेब करून पॅलेस्टिनी प्राधिकरणाला देणे अपेक्षित आहे. प्राधिकरणाच्या महसुलाचा निम्म्याहून मोठा भाग याच रकमेतून येतो, आणि म्हणूनच ती अडवून ठेवणे हे दबावाचे हुकमी साधन ठरले. २००० च्या पॅलेस्टिनी उठावानंतर आणि २००६ मध्ये हमासने निवडणूक जिंकल्यावर ती रोखली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझासाठीचा हिस्सा कापण्याचा निर्णय झाला, तेव्हा तो पैसा नॉर्वेकडे विश्वस्त म्हणून ठेवण्याची तोड काढावी लागली. इस्रायली व्यापाऱ्याने आयात करून नंतर पॅलेस्टिनी भागात विकलेल्या मालाचे शुल्क तर इस्रायलच्याच तिजोरीत राहते. वसुली कोणाच्या हाती, या प्रश्नापुढे करारातील दर अन्यायकारक होते की नव्हते, हा वाद दुय्यम वाटतो.

अर्थात, नाका आणि टांकसाळ हाती असल्याने निझामाचे भागले असे नाही. २९ नोव्हेंबर १९४७ च्या भारताबरोबरच्या ‘जैसे थे’ करारानंतर संस्थानाने भारतीय चलनाच्या वापरावर आणि मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घालणारे वटहुकूम काढले, शिवाय पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्जरोखे दिले. भारताने हा करारभंग मानला. उलट, भारत आपली आर्थिक कोंडी करीत असल्याची तक्रार संस्थान करीत राहिले, आणि भूवेष्टित राज्याला अशी कोंडी किती जाचते हे त्या वर्षी दिसले. करोडगिरी नाके तर मुक्तिसंग्रामातील सशस्त्र तुकड्यांच्या हल्ल्यांचे नेहमीचे लक्ष्य होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर करार करणारा एक पक्षच उरला नाही; हाली रुपया मात्र काही वर्षे चलनात रेंगाळला.

पॅरिसच्या कराराचे उलटे झाले. तो पाच वर्षांच्या संक्रमणकाळापुरता होता, तो काळ १९९९ मध्ये संपला, पण नवा करार न झाल्याने जुनाच चालू राहिला. मजुरांची ये-जा सुरळीत ठेवण्याचा प्रयत्न दोन्ही बाजू करतील, असे त्यात म्हटले आहे. त्याच वाक्यात ही ये-जा किती असावी हे वेळोवेळी ठरवण्याचा अधिकारही राखून ठेवला आहे. हमासच्या ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर इस्रायलने बहुतेक पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले, तेव्हा या कलमाची दुसरी बाजूच काय ती उरली. सेंट्रिंग, सळई बांधणी, गिलावा आणि फरशी या कामांसाठी मग भारतातून कामगार नेण्याची व्यवस्था झाली. पहिली भरती उत्तर प्रदेश, हरियाणा आणि तेलंगणात झाली, आणि २०२४ मधील पुढच्या फेरीसाठी महाराष्ट्राची निवड झाली.