रंग उडालाय? आधी पांढरं फडकं घ्या!

प्रत्येक जुन्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात एक गाडी असते. वर फाटकं कव्हर, खाली मांजरीची पिल्लं. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तिच्यावर पाणी मारलं जातं, झेंडूचा हार पडतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, 'रंग गेला हो हिचा, एकदा मारून घ्या.' ती गाडी बऱ्याचदा प्रीमिअर पद्मिनी असते. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १९७४ पासून या नावाने विकली गेलेली आणि २००० च्या आसपास बंद झालेली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सींमधूनही ती गेली. त्यामुळे घरोघरी उरलेल्या पद्मिनी आता एकदम 'क्लासिक' झाल्यात. रील्सवर त्यांना भाव आहे, आणि आजोबांची गाडी बाहेर काढू म्हणणारी मंडळी आपल्याच वयाची आहेत.

पण गाडी बाहेर काढली की पहिली घाई होते ती रंगाची, आणि घोळ तिथेच होतो. पांढरट, खडूसारखा दिसणारा रंग म्हणजे गेलेला रंग, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. खराब झालेला असतो फक्त वरचा पातळ पापुद्रा.

हे कसं होतं ते बघू. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर तो नसायचा. रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन एकाच थरात, आणि तो थर थेट उन्हात. अतिनील किरणांनी वरचं रेझिन तुटत जातं, रंगाचे कण सुटे होतात, पृष्ठभाग खडबडीत होतो. अशा पृष्ठभागावर प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून रंग पांढुरका दिसतो. शहाबादी फरशीवर पाणी सांडलं की ती कशी एकदम गडद दिसते? फरशी तीच असते, पाण्याने तिचा खडबडीतपणा भरून निघतो. धुताना ओली गाडी पाच मिनिटं नव्यासारखी दिसते तीही याच कारणाने. ती पाच मिनिटं नीट बघा. खालचा रंग शाबूत आहे की नाही, याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

खरी परीक्षा फडक्याची. धुतलेल्या गाडीवर, नजरेत न येणाऱ्या जागी, पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर थर एकच आहे, म्हणजे हा लेख तुमच्यासाठी आहे. फडकं नुसतंच मळलं तर वर क्लिअर कोट असण्याची शक्यता जास्त. तो पापुद्र्यासारखा सुटत असेल तर कितीही घासा, उपयोग नाही. मग दार उघडून चौकटीच्या आतली बाजू बघा, डिकीच्या झाकणाखाली बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. गाडीचा मूळ रंग काय होता ते तिथे कळतं, आणि मध्येच कुणी दुसरा रंग मारलाय का, तेही.

माझ्या मामाच्या पद्मिनीचं बॉनेट असंच खडू झालं होतं. डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांनी बोनेटवर बोट फिरवलं आणि निकाल दिला, 'खरवडून, लांबी भरून, नवीन मारू.' मामा तयारच होता. मी म्हटलं, 'मामा, दोन रविवार दे मला. नाही जमलं तर मग काकांकडेच नेऊ.' मामा म्हणाला, 'दोन दिले. पण तिसऱ्या रविवारी गाडी अर्धवट दिसली तर जेवण बंद.'

हट्ट नवीन रंग न मारण्याचा का? एकतर पैसा. अख्ख्या गाडीच्या चांगल्या रंगकामापुढे आपलं साहित्य किरकोळ. दुसरं म्हणजे, खरवडलेला मूळ रंग परत येत नाही, आणि जुन्या गाडीच्या जाणकाराला कारखान्यातला रंग लगेच ओळखू येतो. तिसरं कारण गॅरेजवाल्यांना आवडणार नाही. स्वस्तातल्या रंगकामात गंजावरच लांबी भरली जाते आणि दोन पावसाळ्यांत तिथेच फोड येतो. शिवाय रंगच बदललात तर आरसीवरची नोंदही बदलून घ्यावी लागते. हौस म्हणून पोपटी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता काम. सावली हवी आणि पत्रा थंड हवा, म्हणून सकाळी लवकर. दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग शाम्पूत बुडवायचं, म्हणजे माती परत गाडीवर जात नाही. (पाइप लावला की सोसायटीचे सेक्रेटरी येतात, ते वेगळंच.) भांड्यांचा साबण नको. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवण्याची जुनी पद्धत तर अजिबात नको. दोन दिवस चकाकी येते आणि नंतर त्या तेलकटपणावर धूळ चिकटत राहते.

गाडी सुकली की हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावर हळूच फिरवा. नुसत्या बोटांना न कळणारी कचकच पिशवीतून लगेच कळते. ही चिकटलेली धूळ, ब्रेकचे कण, डांबराचे थेंब. त्यासाठी क्ले बार मिळतो, मातीच्या गोळ्यासारखा. शाम्पूचं पाणी फवारत, जोर न लावता सरकवायचा. खाली पडला तर सरळ टाकून द्या, त्यात अडकलेली वाळू रंगावर ओरखडे काढते.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. कोरड्या पडलेल्या रंगावर थेट कंपाउंड मारायचं नाही. आधी त्याला तेल पाजायचं. घासणारे कण नसलेलं, तेलाचं प्रमाण जास्त असलेलं ग्लेझ यासाठी वापरतात. परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये मेग्वायर्सचं 'नंबर ७' यासाठी प्रसिद्ध आहे. जाड टर्किश टॉवेलच्या तुकड्यावर सढळ हाताने घ्यायचं, दीड-दोन फुटांच्या चौकोनात चोळायचं आणि तसंच रात्रभर ठेवायचं. सकाळी पुसायचं. टॉवेल गाडीच्या रंगाचा होतो. घाबरू नका, निघतोय तो सुटा झालेला थर आहे. मामाच्या बोनेटला हे दोनदा करावं लागलं. पहिल्या सकाळी फरक दिसला, पण डागाडागाने. दुसऱ्या सकाळी मामा चहाचा कप घेऊन उभाच राहिला.

तेलाने आलेला गडदपणा टिकाऊ नसतो, हेही खरं. टिकणारी चकाकी येते पृष्ठभाग सपाट झाल्यावर, म्हणजे पॉलिशने. इथे नियम एकच, सगळ्यात सौम्य गोष्टीपासून सुरुवात. बोनेटच्या एका कोपऱ्यात मास्किंग टेप लावून अर्धी बाजू झाका, अर्ध्यावर बारीक पॉलिश हाताने चालवा, टेप काढा, फरक बघा. पुरेसा असेल तर तेवढ्यावरच थांबा. नसेल तरच कंपाउंड, आणि त्याच्यानंतर परत बारीक पॉलिश. मशीन भाड्याने आणणार असाल तर ड्युअल अ‍ॅक्शन मागा. ते फिरता फिरता हलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. गोल फिरणारं रोटरी मशीन नवख्याच्या हातात क्षणात रंग जाळतं. त्यावर लोकरीची टोपी चढवून फटाफट केलेलं 'रबिंग' सावलीत भारी दिसतं. उन्हात गाडी आणली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात.

कारण हिशेब मायक्रॉनमध्ये असतो. गाडीवरचा सगळा रंग अस्तरासकट साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन, माणसाचा केस सत्तरच्या आसपास. म्हणजे दोन केसांच्या जाडीत सगळा कारभार. त्यात कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर रंग सगळ्यात पातळ असतो. तिथे टेप लावूनच काम करा. बोनेटवर वाकताना पट्ट्याचं बक्कल आणि अंगठ्या काढा. वॉटर पेपर मारण्याचे व्हिडिओ दिसायला कितीही भारी असले तरी पहिल्या गाडीवर ते प्रयोग नकोत.

आणखी एक गोष्ट गंमत म्हणून घेऊ नका. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिसं असू शकतं. कोरडं खरवडू नका, हातमोजे आणि मास्क घाला, रंगाळलेली फडकी घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. आसपास लहान मुलं असतील तर त्यांना लांब ठेवा.

सगळंच वाचतं असंही नाही. घासताना करडं किंवा तांबूस अस्तर डोकावलं तर तिथे रंग संपलाय, लगेच थांबा. भेगा पडलेला रंग पॉलिशने सांधत नाही. दाराच्या खालच्या कडेला फोड असतील तर आत गंज आहे आणि तिथे पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला पर्याय नाही. मामाच्या गाडीचं डावं मागचं दार असंच निघालं. ते आम्ही काकांकडेच नेलं, पण फक्त तेवढंच. जुळवायला नमुना म्हणून चौकटीच्या आतला रंग दाखवला. काका आधी कुरकुरले, मग बोनेटवरून बोट फिरवून म्हणाले, 'कशानं घासलंत?'

शेवटचा हात वॅक्सचा. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. पातळ थर, वाळू द्यायचा, मऊ फडक्याने पुसायचा. क्लिअर कोट नसलेल्या गाडीला दुसरं कवच नाही, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी परत लावावं लागतं. पाणी मारल्यावर थेंब गोल राहत नसतील, नुसतं पसरत असेल, तर वेळ झाली समजा. प्लॅस्टिकची ताडपत्री काढून टाका, तिच्याखाली पावसाळ्यात दमट वाफ कोंडते. हवा खेळणारं सुती कव्हर घ्या, आणि तेही गाडी पुसल्यावरच घाला. धुळीवर कव्हर ओढलं तर सगळी मेहनत ओरखड्यांत जाईल.