फडताळातले पिस्तूल

आमच्या कोपरगावात जुना वाडा उतरवायला काढला की फडताळातून काय निघेल याचा नेम नसतो. मला जुन्या वस्तूंचा नाद, म्हणून लोक पाहायला बोलावतात. कधी एखादे वीतभर लांबीचे खिशातले पिस्तूल निघते आणि घरची वडील मंडळी ठामपणे सांगतात, "हे राघोबादादांच्या वेळचे!"

राघोबादादांचे अखेरचे दिवस इथे गेले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी ते इथेच वारले, हे खरे. पिस्तूल त्यांच्या काळचे आहे का, हे मात्र पिस्तुलालाच विचारावे. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड धरायची सोय आणि पुढे रंजकाची वाटी असेल, तर काळ जुळू शकतो. 'शकतो' म्हणतो, कारण अशी पिस्तुले पुढेही कित्येक वर्षे बनत होती. घोडा हातोडीसारखा असून त्याखाली टोपी बसवायची पोकळ बोंडी असेल, तर दादासाहेबांचा संबंध संपला. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने घेतले ते १८०७ साली. तांब्याच्या टोप्या रूढ झाल्या त्यानंतर.

नळीच्या बुडाशी भिंगाने पाहिले तर चाचणीचे शिक्के दिसतात. मुकुट आणि एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड असतील तर बहुधा बर्मिंगहॅम, १८१३ नंतरचे. लंबवर्तुळात 'ईएलजी' ही रोमन अक्षरे असतील तर बेल्जियममधले लीज. नुसत्या 'लंडन' या कोरीव नावावर विसंबू नये; बर्मिंगहॅमचे कारागीरही ते खुशाल कोरत.

पण भिंग हाती घेण्याआधी एक गोष्ट. पिस्तूल भरलेले आहे असेच धरून चालावे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एक संग्राहक ठार झाला. तो गोळा सुमारे एकशे चाळीस वर्षांचा होता. नळीत काडी घालून खोली मोजायची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. खिशातल्या पिस्तुलात ती फसवते. यातल्या अनेकांची नळी फिरवून काढता येते, दारू मागच्या अरुंद कोठीत भरतात आणि जाडसर काडी कोठीच्या तोंडाशीच अडते. म्हणून घोडा चढवू नये, चाप ओढून पाहू नये, नळी पकडीने पिळू नये, नळीचे तोंड कोणाकडे करू नये. ते काम जाणत्या शस्त्रकाराचे.

आता कायदा. 'शंभर वर्षे झाली म्हणजे परवाना नको' असा सार्वत्रिक समज आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ जुन्या घाटाच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट देते. पण दुरुस्ती करूनही ते चालणार नसेल तरच. अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग पिस्तूल होते. शतक उलटले तरी त्या जातीचे पिस्तूल चालू असेल तर ते हत्यारच. तेव्हा वस्तू पिशवीत घालून एसटीने कुठे नेऊ नये. ती जिथे आहे तिथेच ठेवून आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आणि हौसेने 'चालू' करून घ्यायला कोणा मिस्त्रीकडे देणे हा तर गुन्हाच. दुरुस्तीलाही परवाना लागतो.

हे सगळे मार्गी लागल्यावर साफसफाई. ती जितकी कमी, तितकी चांगली. एका घरी पॉलिश पेपर मारून चांदीसारखे चकचकीत केलेले पिस्तूल मी पाहिले. शिक्के, कोरीवकाम, सगळे पुसले गेले होते. ते कुठले, कधीचे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. लोखंडावरचा तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे, तो राहू द्यावा. भुरभुरणारा लाल गंज तेवढा हलक्या तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने हळूहळू टिपावा. चिंच, लिंबू, तारेचा ब्रश वर्ज्य. हातात सुती मोजे घालावेत, कारण घामातल्या मिठाने गंज धरतो. मुठीचे लाकूड तडकले असेल तर फेविकॉल न लावता संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाला विचारावे.

कातडी म्यान असेल तर ते जपावे, पण पिस्तूल त्यात ठेवू नये. कमावलेल्या कातड्यातल्या आम्लाने लोखंड खाल्ले जाते. दोन्ही वेगवेगळी, कोरड्या जागी, कुलपात ठेवावीत.