फुटबॉल शिकवणारे मास्तर : रहीम साहेब

२०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव बऱ्याच घरांत पहिल्यांदाच ऐकू आले. चित्रपटात प्रशिक्षक दिसतो. मला मात्र त्यांच्यातला शाळामास्तर जास्त जवळचा वाटतो.

रहीम साहेबांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले, पदवी घेतली आणि शाळेत शिकवू लागले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. शिकवण्याची ही सवय मैदानावरही सुटली नाही. कोवळ्या वयातल्या पोरांसाठी ते वेगळ्याच स्पर्धा भरवीत. एकीत फक्त कमजोर पायाने खेळायचे. दुसरीत चेंडू घेऊन एकट्याने पळायचे नाही, लगेच साथीदाराकडे द्यायचा. यामागची अक्कल कोणाही शिक्षकाला कळेल. मुलाला जे येते तेच ते पुन्हा पुन्हा करून दाखवते आणि शाबासकी मिळवते. जे येत नाही त्याच्या वाटेला जात नाही. त्याला तिकडे न्यावे लागते, आणि तेही न रागावता.

सिकंदराबादजवळचा गरीब घरातला तुळशीदास बलराम त्यांनी असाच हेरला. हैदराबादला सरावासाठी येण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते, तेव्हा रहीम साहेबांनी सायकलच्या भाड्याची सोय केली. हा मुलगा पुढे दोन ऑलिंपिक खेळला. एका सायकलच्या भाड्यावाचून घरीच राहिलेली किती पोरे आपल्या मोहल्ल्यात असतील!

मुंबईकरांनी रहीम साहेबांची करामत कूपरेजवर पाहिली. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. भारतीय संघाने १९५१ मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्ण मिळवले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. रहीम साहेब खचले नाहीत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत उपांत्य फेरीत गेला. आशियातल्या कोणत्याही देशाला तोवर हे जमले नव्हते.

१९६२ मध्ये जकार्ताला निघाले तेव्हा त्यांना कर्करोगाने गाठले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० ने हरवले. बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले, गोलरक्षक थंगराज तापाने आजारी. शिवाय इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ न दिल्याबद्दल एका भारतीय क्रीडा पदाधिकाऱ्याने हरकत घेतली होती, म्हणून तिथले प्रेक्षक भारतावर चिडलेले. अशा वेळी रहीम साहेबांनी डोके शांत ठेवले. टाके पडलेल्या जर्नेलला चेंडू हेडने अडवणे अवघड, म्हणून त्याला बचावातून काढून आघाडीला खेळवले. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी पोरांकडे एकच भेट मागितली, सुवर्णपदक. ४ सप्टेंबरला त्याच कोरियाला भारताने २-१ असे हरवले. एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नेलचा.

त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेबांचा इंतकाल झाला. वय अवघे ५३. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये. फुटबॉलचे आशियाई सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही.

कांस्य मात्र एकदा मिळाले, १९७० साली बँकॉकला. त्या संघाच्या प्रशिक्षकांत रहीम साहेबांचे शागीर्द पी. के. बॅनर्जी होते आणि कर्णधार होते हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन. नईमुद्दीन पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला.