वरच्या खाचराचं पाणी
धर्म आणि पाणी : लेखांक ७

मदिनेच्या आजूबाजूला हर्रा नावाची जमीन आहे, ज्वालामुखीच्या काळ्या दगडांची. सह्याद्रीचा कातळ रोज पाहणाऱ्या घोटीकरांना ती ओळखीची वाटेल. पण तिथे पाऊस क्वचित पडतो. पडला की ओढे वाहतात आणि त्या पाण्यावर खजुराच्या बागा जगतात. अशाच एका ओढ्यावरून दोन शेजाऱ्यांत तंटा झाला. वरच्या अंगाला जुबैर इब्न अव्वाम यांची बाग, खालच्या अंगाला एका अन्सारीची, म्हणजे मूळच्या मदिनेकराची. खालच्याचं म्हणणं, पाणी अडवू नका, वाहू द्या. प्रकरण पैगंबर मुहम्मद यांच्यापुढे आलं. त्यांनी जुबैरना सांगितलं, तुम्ही भिजवून घ्या आणि शेजाऱ्याकडे सोडा. निवाडा सामोपचाराचा होता, वरच्याला जरा आवरतं घ्यायला लावणारा. तरी खालच्याला संशय आला. जुबैर हे पैगंबरांचे आतेभाऊ, म्हणून त्यांना झुकतं माप मिळालं, असं तो तोंडावर बोलून गेला. तेव्हा पैगंबरांनी वरच्याचा पुरा हक्क ठरवून दिला: पाणी बांधाला टेकेपर्यंत राखा, मग सोडा. लोकांनी पुढे मोजून पाहिलं तर ते घोट्याइतकं भरलं. मदिनेतल्या दुसऱ्या एका ओढ्याच्या वादातही हेच माप सांगितलेलं सापडतं.

भाताची आवणी ज्यांनी केली आहे त्यांना हा निवाडा समजावून सांगावा लागत नाही. इगतपुरी तालुक्यात खाचरं उतारावर पायऱ्यांसारखी खाली उतरत जातात. वरचा बांध कधी फोडायचा, यावरून भावकीत बोलाचाली होते आणि कधी ती पिढीभर पुरते. इस्लामी धर्मशास्त्राने हा प्रश्न शेजारधर्मावर सोडून दिला नाही. वरच्याचा हक्क पहिला, हे त्याने मान्य केलं आणि त्या हक्काला घोट्याइतकी हद्द घातली. त्या हद्दीपुढे पाणी धरून ठेवणं हा शेजाऱ्यावरचा अन्याय, आणि अल्लाहपुढे गुन्हा. आपल्या गरजेपुरतं घेऊन उरलेलं पाणी वाटसरूला नाकारणाऱ्या माणसाकडे कयामतच्या दिवशी अल्लाह पाहणारही नाही, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं नोंदवलेलं वचन, आहे. पर्यावरणाची काळजी ही इस्लाममध्ये धर्माज्ञा आहे असं म्हणताना मला आधी हा निवाडा आठवतो, कारण इथे श्रद्धेला माप आहे.

पाणी, गवत आणि विस्तव या तिन्हींत सगळी माणसं भागीदार आहेत, हे पैगंबरांचं वचन फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी, बारकाईने तपासलं. घागरीत भरून घेतलेलं पाणी भरणाऱ्याचं. नदीचं पाणी सगळ्यांचं. मधे राहिली खासगी विहीर. हनफी विचारधारेने इथे दोन हक्क वेगळे केले, एक तहान भागवण्याचा आणि दुसरा शेत भिजवण्याचा. दुसरा हक्क मालकाच्या हाती राहतो. पहिला मात्र माणसाचा आणि जनावराचा आहे. तहानलेल्याला विहिरीच्या मालकाने अडवायचं नाही. तहान आधी, पीक नंतर.

हे लक्षात ठेवून घोटीच्या आसपास पाहा. इगतपुरीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दारणा धरण 1916 सालचं. त्यानंतर मुकणे, भावली, भाम अशी धरणं होत गेली. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. दारणेचं पाणी गोदावरीला मिळून नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यावर पोहोचतं, तिथून कालव्यांनी निफाड, कोपरगाव, राहाता. आणि नदीने पुढे पैठणला, जायकवाडीत. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. जायकवाडीत 15 ऑक्टोबरला 65 टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र ठरलं, आणि कमी पावसाच्या वर्षी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद पेटू लागला. त्याच वेळी याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण नजरेसमोर आणि हंडा रिकामा.

मदिनेचा निवाडा इथे दोन्ही बाजूंना बोलतो. खालच्याचा वाटा नाकारता येत नाही, म्हणून पाणी सोडणं वरच्यावर बंधनकारक. पण वरच्याचं शेत कोरडं ठेवून पाणी खाली न्या, असं तो कुठेही सांगत नाही. आणि तहानेचा हक्क सर्वांत आधीचा, म्हणून धरणाखालच्या ऊसमळ्याआधी धरणाकाठच्या पाड्याचा हंडा भरला पाहिजे. या हिशेबाने पाहिलं तर आपल्या वादात दोन्ही पक्ष अर्धंच बोलतात, असं माझं मत आहे.

कायद्याचं झालं, आता रोजच्या इबादतीचं, म्हणजे उपासनेचं. सअद नावाचे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, वजू (नमाजापूर्वीची हात-तोंड-पाय धुण्याची शुद्धी) करत होते, पाणी सढळ हाताने वापरत होते. पैगंबरांनी त्यांना या उधळपट्टीबद्दल हटकलं. वजूतही उधळपट्टी होते का, असं सअद यांनी विचारलं. उत्तर मिळालं, होते; वाहत्या नदीच्या काठावर बसला असाल तरीही. पैगंबर स्वतः एका मुद्द पाण्यात वजू करत, म्हणजे लिटरभराच्या आतबाहेर, आणि त्याच्या चार-पाच पटीत अंघोळ. आज नळ सोडून हात, तोंड, पाय धुतले तर कित्येक लिटर पाणी मोरीत जातं, आणि मुसळधार पावसाच्या गावात तर त्याचं कुणाला काही वाटतही नाही. नदीकाठचा दाखला नेमका अशाच गावासाठी आहे: पाण्याची मुबलकता ही सबब चालत नाही. वजूचं वापरलेलं पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण बहुतेक फकिहांच्या मते ते नापाक नसतं. वजूखान्याची नाली गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्याकडे किंवा झाडांच्या आळ्यांकडे वळवायला शरीयतची काही आडकाठी नाही. गावोगावच्या मशीद कमिट्यांनी हे काम हाती घ्यावं, एवढं साधं आहे.

शेतकऱ्यासाठी आणखी एक हिशेब सांगण्यासारखा आहे. पिकाच्या जकातीला, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेल्या दानाला, उश्र म्हणतात. पावसावर किंवा झऱ्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा गरिबांचा. मोट ओढून, कष्टाने भिजवलेल्या पिकाचा विसावा. आभाळाने पाणी फुकट दिलं की देणं दुप्पट. पावसावरच्या भाताला यातला मोठा दर लागतो.

पाणी दान करण्याची परंपरा तर मदिनेतच सुरू झाली. रूमा नावाच्या विहिरीचं पाणी विकत घ्यावं लागे. पैगंबरांचे सोबती उस्मान यांनी ती खरेदी करून सर्वांसाठी खुली केली आणि स्वतःची बादली इतरांच्या रांगेत ठेवली. त्याच परंपरेची महाराष्ट्रातली खूण छत्रपती संभाजीनगरात उभी आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहरासाठी जमिनीखालून नहर आणली. पुढच्या शतकात बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या सूफींच्या दर्ग्याजवळ दुसऱ्या एका नहरेचं पाणी उंचावरून सोडून जातं फिरवलं गेलं, ती पाणचक्की. तिथलं पीठ वाटसरूंना आणि विद्यार्थ्यांना मिळे, आणि पाणी खर्ची न पडता पुढच्या हौदात जाई. 1986 ची असिसी आणि 2015 ची इस्तंबूल, या पर्यावरणविषयक परिषदांतल्या मुस्लीम जाहीरनाम्यांची भाषा नवी आहे. आशय या नहरेइतकाच जुना.

पुढच्या लेखांकात हिमा, म्हणजे पैगंबरांनी आणि खलिफा उमर यांनी राखलेली कुरणं. त्यांत श्रीमंतांचे उंट अडवून गरिबाची मोजकी जनावरं आत सोडण्याचा हुकूम होता. आपल्या देवरायांशी त्यांची तुलना कुठवर टिकते, ते तेव्हा पाहू.